पैसे भरून खेळायची फँटसी क्रिकेट स्पर्धा: ऑफर आणि जाहिरातीचे नियम काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

कराडमध्ये माझं खेळाच्या साहित्याचं छोटं दुकान आहे. येत्या आयपीएलला दुकानाचं नाव चार लोकांत व्हावं म्हणून एक कल्पना डोक्यात आहे. भाच्याने एक साधं ॲप बनवलंय. खऱ्या सामन्यातले अकरा खेळाडू निवडायचे, त्यांच्या कामगिरीवर गुण, कर्णधाराला दुप्पट गुण, सामना संपला की गुणतक्ता लागतो. प्रवेश फी ५० रुपये. पहिल्याला इंग्लिश विलोची बॅट (साधारण ९ हजारांची), दुसऱ्याला किटबॅग, पुढच्या दहा जणांना रोख २०० रुपये.

सोबत तीन ऑफर ठेवायच्या म्हणतोय:
पहिल्या शंभर जणांना निम्मी फी.
एक मित्र आणला की १० रुपये बोनस, तो पुढच्या सामन्याच्या फीत वळता होणार.
दुकानातून १००० ची खरेदी केली तर एक प्रवेश फुकट.

फ्लेक्स आणि व्हॉट्सॲपवर जाहिरात करणार. फँटसी हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नाही, असं कोर्टाने सांगितल्याचं ऐकलंय. मग अशा ऑफर चालवायला परवानगी कुणाची लागते? फ्लेक्सवर कुठल्या अटी छापाव्या लागतात? सोमवारी छपाईला द्यायचंय, म्हणून जरा घाईने विचारतोय.

सनद_२००४

दादा, फ्लेक्स छपाईला देऊ नका. आधी हे वाचा.

तुम्ही ऑफरच्या अटी विचारताय, पण ज्या स्पर्धेवर ऑफर द्यायची ती स्पर्धाच आता चालवता येत नाही. २०२५ साली संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २० ऑगस्टला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाला आणि २२ ला राष्ट्रपतींची सही. त्यात 'ऑनलाइन मनी गेम'ची व्याख्या अशी आहे: खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, खेळणारा फी भरतो, पैसे जमा करतो किंवा दुसरं काही पणाला लावतो आणि बदल्यात पैसे किंवा अन्य लाभ मिळेल अशी अपेक्षा ठेवतो, तर तो मनी गेम. तुमचे ५० रुपये म्हणजे फी, आणि बॅट म्हणजे लाभ. बक्षीस रोख नाही, वस्तू आहे, एवढ्याने सुटका होत नाही.

कलम ५ प्रमाणे असा खेळ पुरवायला बंदी आहे. कलम ६ प्रमाणे त्याची जाहिरात करायला, करवून घ्यायला, त्यात मदत करायलाही बंदी. कलम ७ प्रमाणे बँक, पेमेंट ॲप यांनी त्यासाठी पैसे फिरवायला बंदी. शिक्षा पाहा: खेळ पुरवला तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरातीला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ५ आणि ७ खालचे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. दुकान छोटं म्हणून वेगळी रेघ कायद्याने ओढलेली नाही.

पॉइंट_कव्हर

सनदसाहेब, जरा थांबा. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच सांगितलं होतं ना, की ड्रीम११ हे फँटसी ॲप जुगार नाही? त्याआधी २०१७ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने. मी सात वर्षं खेळलोय. खेळपट्टी बघायची, कोण कितव्या षटकात गोलंदाजी करतो ते बघायचं, दव पडणार का तेही बघायचं. हे सगळं नशीब कसं? एका रात्रीत कौशल्याचा जुगार झाला?

सनद_२००४

तुमचं म्हणणं मला पटतं, आणि हाच वाद सर्वोच्च न्यायालयापुढे गेलाय. पण 'कौशल्य की नशीब' हा प्रश्न आपल्याकडे नेमका का महत्त्वाचा होता, ते आधी पाहू.

१८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा आणि आपला १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, दोन्हींत एक वाक्य आहे: निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. मुंबईच्या कायद्यात ते कलम १३. या एका वाक्याच्या आधारावर अख्खा उद्योग उभा राहिला. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून सर्वोच्च न्यायालयाने जुगार आणि कौशल्य यांत रेघ ओढली. त्या कोड्यांचा साप्ताहिक अंक छापला जायचा बंगळुरात आणि खपायचा मुंबई राज्यात. म्हणजे 'कंपनी एका राज्यात, खेळणारे दुसऱ्या राज्यात' हा पेच तेव्हापासूनचा. पुढे १९६८ मध्ये रमीबद्दल, १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीबद्दल निकाल आले. फँटसीचे निकाल याच ओळीतले.

२०२५ च्या कायद्याने ही रेघ ओलांडली. कौशल्य आहे की नाही हे तो विचारतच नाही. पैसे लावले का, एवढंच विचारतो. त्यामुळे जुने निकाल चूक ठरले नाहीत, पण त्यांची ढालही आता पुरत नाही. कर्नाटक, दिल्ली आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयांतल्या याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. या याचिकांच्या भरवशावर कुणी फ्लेक्स लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

कृष्णाकाठ

साहेब, वाचून पोटात गोळा आला. एक शंका. ॲप बाजूला ठेवलं आणि सगळं वहीत केलं तर? लोक दुकानात येऊन कागदावर संघ लिहून देतील, गुण मी हाताने मांडीन.

सनद_२००४

नव्या कायद्यातला 'ऑनलाइन गेम' म्हणजे डिजिटल उपकरणावर खेळला जाणारा, सॉफ्टवेअर म्हणून इंटरनेटवरून किंवा तशा तंत्रातून चालवला जाणारा खेळ. निव्वळ वहीतला खेळ त्यात बसत नाही, असा युक्तिवाद करता येईल. पण मग तुम्ही १८८७ च्या कायद्यासमोर उभे राहता. तिथे कलम १३ आहे, पण तुमचा खेळ 'निव्वळ कौशल्याचा' हे सांगायची वेळ येईल ती पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात. मोठ्या कंपन्यांनी ते दाखवायला नामांकित वकील उभे केले होते. शिवाय वहीतली स्पर्धा आजकाल वहीत राहत नाही. संघ व्हॉट्सॲपवर येतात, पैसे क्यूआरवर येतात. एका बॅटसाठी हे अंगावर घेऊ नका.

तालुका_चषक

मग आमच्या टेनिस बॉल स्पर्धेचं काय? संघाकडून ३००० प्रवेश फी घेतो आणि पहिलं बक्षीस ५१ हजार.

सनद_२००४

तुमच्याकडे फी भरणारेच मैदानात उतरून खेळतात. फी मैदान, पंच, चेंडू, मंडप यांसाठी असते. दुसऱ्याच्या खेळावर पैसे लावणं वेगळं, स्वतः खेळणं वेगळं. मोबाइलवरच्या ऑनलाइन खेळाशी तुमचा संबंध नाही. फक्त त्या स्पर्धेच्या बाजूला कुणी षटकावर पैजा घेत बसणार नाही, एवढं बघा.

माजी_ॲपवाला

मी मुंबईत एका फँटसी कंपनीच्या मार्केटिंगमध्ये चार वर्षं होतो. नाव लिहीत नाही. ऑगस्ट २०२५ नंतर ते काम संपलं. धागाकर्त्याने विचारलेला मूळ प्रश्न, म्हणजे पैशाच्या फँटसीवर ऑफर चालवताना काय काय पाळावं लागत होतं, त्याचं उत्तर इथे कुणीतरी नीट लिहावं असं वाटतं. मोफत स्पर्धा चालवणाऱ्यालाही त्यातलं बरंच उपयोगी आहे.

पहिली गोष्ट, कुठे ऑफर द्यायची नाही. आसाम, ओडिशा, तेलंगणा, आंध्र, नागालँड, सिक्कीम इथल्या लोकांना पैशाच्या स्पर्धेत घ्यायचं नाही, हे आमच्या प्रत्येक जाहिरातीच्या खाली असायचं. आसाम आणि ओडिशाच्या कायद्यांत कौशल्याची सूट नव्हती, तेलंगणाने २०१७ मध्ये आणि आंध्रने २०२० मध्ये ती काढून टाकली, नागालँडला परवाना लागायचा.

दुसरी गोष्ट, जाहिरातीचे नियम. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ॲस्कीने, १५ डिसेंबर २०२० पासून पैशाच्या खेळांसाठी वेगळे नियम लावले. माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्याच महिन्यात वाहिन्यांना ते पाळायला सांगितलं. अठरा वर्षांखालचा, किंवा तसा दिसणारा कुणीही जाहिरातीत खेळताना दाखवायचा नाही. 'यात आर्थिक जोखीम आहे आणि सवय लागू शकते' हा इशारा छापील जाहिरातीत निदान २० टक्के जागेत. व्हिडिओत तो जाहिरातीच्या शेवटी, ऐकू येईल आणि दिसेल असा, नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने, आणि जाहिरात ज्या भाषेत त्याच भाषेत. त्याआधी तो इशारा इतक्या भरभर म्हटला जायचा की शब्द कळत नसत. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा नियम: हा खेळ कमाईचं साधन किंवा नोकरीला पर्याय म्हणून दाखवायचा नाही, आणि खेळणारा माणूस इतरांपेक्षा जास्त यशस्वी असतो असंही सुचवायचं नाही.

हा शेवटचा नियम पाळणं आम्हाला सगळ्यात जड जायचं. कारण लोक येतात ते एका रिक्षावाल्याला कोटी मिळाले या गोष्टीने. ती गोष्ट काढून टाकली की उरतं काय, तर गुणतक्ता.

तिसरी, बोनस. '५०० रुपये बोनस' असं मोठ्या अक्षरात आणि प्रत्येक स्पर्धेत त्यातला थोडाच भाग वापरता येईल हे खाली बारीक अक्षरात. फसव्या जाहिरातींबद्दलच्या ९ जून २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी याच गोष्टीला हात घातला. गळाला लावणारी जाहिरात कोणती, 'मोफत' शब्द कधी वापरायचा, खुलासा कसा आणि कुठे छापायचा, हे सगळं त्यात आहे. मूळ दावा खोटा असेल तर खालचा खुलासा त्याला वाचवत नाही. फसव्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवर एक वर्षाची, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत बंदीही येऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तर 'डार्क पॅटर्न'ची, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या ॲपमधल्या युक्त्यांची, यादीच आली, तेरा प्रकारांची. 'फक्त दोन जागा शिल्लक' असं खोटं दाखवणं, पैसे काढायचं बटण लपवणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं. यातलं काय काय आमच्या ॲपवर होतं ते मी जाणतो, आणि त्याचं मला आज वाईट वाटतं.

ताळेबंद

ॲपवाले मित्रा, करांचं मी जोडतो, सीए आहे.

बोनसवर कर कसा लागायचा हे १ एप्रिल २०२३ पासून स्पष्ट झालं. तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम १९४बीए, ऑनलाइन खेळात निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस. हिशोब असा: वर्षात काढलेली रक्कम आणि अखेरची शिल्लक, यातून स्वतः भरलेले पैसे आणि सुरुवातीची शिल्लक वजा. मे २०२३ च्या परिपत्रकात बोनसचा खुलासा आला. काढून घेता येईल असा रेफरल (मित्र आणल्याचा) बोनस म्हणजे तुमचं भांडवल धरायचं नाही, तो जिंकलेल्या रकमेत येतो. फक्त खेळायला वापरता येणारा बोनस हिशोबात नाही, पण ज्या दिवशी तो काढण्याजोगा केला त्या दिवशी येतो. जीएसटी १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के, तोही कंपनीच्या कमिशनवर नव्हे, खेळणाऱ्याने भरलेल्या पूर्ण रकमेवर. बऱ्याच कंपन्यांनी हा भार स्वतः सोसून तेवढाच बोनस ग्राहकाला दिला. म्हणजे ऑफर हीच कराची भरपाई झाली होती.

कराडचे दादा, तुम्ही प्रवेश मोफत ठेवणार असाल तर तुमच्यापुरतं: ऑनलाइन नसलेल्या स्पर्धेतल्या एका बक्षिसाची किंमत १० हजारांच्या वर गेली की ३० टक्के टीडीएस, आणि वस्तू असेल तर ती हातात देण्याआधी कर भरला गेला पाहिजे. तुमची बॅट ९ हजारांची असली तरी खेळ ॲपवर आहे, त्याला ही १० हजारांची सूट धरू नका, बॅट देण्याआधी तुमच्या सीएला विचारा. बिलाची प्रत ठेवा. दुसरं, फुकट दिलेल्या वस्तूवरचा जीएसटीचा आयटीसी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, बॅटच्या खरेदीवर घेतला असेल तर तो परत फिरवा. हे लहान दुकानदार हमखास विसरतात.

गोदाकाठची_मी

मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. मित्राने फँटसी ॲपचा कोड पाठवला, शंभर रुपये बोनस मिळाले. स्वतःचा एक पैसा न घालता पहिल्या आठवड्यात तीनशे जिंकला. घरी येऊन आईला साडीची पिशवी दाखवली, केवढा आनंद होता त्याला. दीड वर्षाने कळलं की त्याने मोबाइलवरच्या कर्ज देणाऱ्या ॲप्सकडून पैसे घेतलेत आणि आकडा दोन लाखांच्या पुढे गेलाय. बाबांनी शेताचा तुकडा गहाण टाकून ते फेडले. भाऊ आता बरा आहे, नोकरीला आहे.

कायद्याची कलमं मला कळत नाहीत. पण त्याला आत ओढलं ते खेळाने नव्हे, त्या शंभर रुपयांनी. पॉइंट_कव्हर दादा, तुम्ही खेळपट्टी बघून खेळत असाल, तो कोड बघून खेळायला लागला. कृष्णाकाठ दादा, तुमच्या दुकानात बॅट घ्यायला येणारी बहुतेक मुलं शाळेतली असतील. 'मित्र आणा, दहा रुपये मिळवा' हे त्यांच्यासाठी छापू नका, एवढीच विनंती.

पॉइंट_कव्हर

ताई, वाचलं. माझ्या बोलण्यात तुमच्या भावासारख्यांचा विचार नव्हता. कोड मीही पाठवलेत, वीसेक जणांना. त्यातले किती जण पुढे किती खेळले हे मी कधी विचारलं नाही.

एडिसनहून

न्यू जर्सीत पंधरा वर्षं आहे. इथे पैशाचं फँटसी कायदेशीर आहे, पण राज्याराज्यांत नियम वेगळे. २००६ च्या केंद्रीय कायद्यात फँटसीला सूट आहे, तीही अटींवर: बक्षीस आधी जाहीर असलं पाहिजे, किती लोक आले आणि किती फी जमली यावर ते ठरता कामा नये, निकालात खेळणाऱ्याचं ज्ञान आणि कौशल्य दिसलं पाहिजे, आणि एकाच खऱ्या संघाच्या किंवा एकाच खेळाडूच्या कामगिरीवर तो ठरता कामा नये.

मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये जाहिरातींसाठी कडक नियम केले. वय २१, शाळा-कॉलेजं जाहिरातीत दाखवायची नाहीत, जिंकण्याबद्दल जे बोलाल ते खरं हवं, महिन्याला १००० डॉलरच्या वर जमा करायचं तर वेगळी प्रक्रिया. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल या फँटसी कंपन्यांशी फसव्या जाहिरातींबद्दल तडजोड केली, प्रत्येकी ६० लाख डॉलर. साधा माणूस सहज जिंकतो असं जाहिराती भासवत होत्या, प्रत्यक्षात बक्षिसांचा मोठा वाटा मूठभर सराईत खेळाडू नेत होते.

आमच्या इथल्या मराठी मंडळींनी विश्वचषकाला असाच खेळ ठेवला होता. प्रवेश फुकट, बक्षीस एका किराणा दुकानाने दिलेलं. इकडे साधी विचारसरणी आहे: बक्षीस, नशीब आणि मोबदला, तिन्ही एकत्र आले की ती लॉटरी. त्यातला मोबदला काढून टाकायचा. म्हणूनच इथल्या प्रत्येक सोडतीवर 'खरेदीची अट नाही' असं छापलेलं दिसतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिणं घरात वाचून दाखवलं. फी रद्द. मित्र आणण्याचा बोनसही रद्द. प्रवेश मोफत, बक्षीस दुकानातर्फे. आता दोन प्रश्न उरले. १००० च्या खरेदीवर प्रवेश ही ऑफर ठेवता येईल का? आणि फ्लेक्सवर आयपीएलचा लोगो आणि खेळाडूंचे फोटो टाकले तर?

सनद_२००४

खरेदीची अट टाकू नका. खरेदी केली तरच खेळता येईल म्हटलं की पैसे वेगळ्या दाराने आत आले असं कुणीही म्हणू शकेल. त्यापलीकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(४७) पाहा. माल खपवण्यासाठी किंवा धंद्याच्या फायद्यासाठी घेतलेली स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ, याला ते अनुचित व्यापार प्रथा म्हणतं. शब्द बरेच रुंद आहेत. म्हणून खरेदीपासून स्पर्धा जितकी लांब ठेवाल तितकं बरं. त्याच कलमात असंही आहे की योजना संपल्यावर निकाल स्पर्धकांपासून लपवणं हीसुद्धा अनुचित प्रथा. तेव्हा निकाल जाहीर करायचाच, आणि जिथे जाहिरात केली तिथेच करायचा.

बरोबरीत गुण आले तर चिठ्ठी टाकू नका. विजेता सोडतीने ठरू लागला की लॉटरीच्या कायद्यांचा प्रश्न येतो. आधी कुणी संघ भरला, असा नियम ठेवा.

लोगो अजिबात नको, तो बीसीसीआयचा ट्रेडमार्क आहे. फोटोही नकोत, खेळाडूने तुमची जाहिरात केल्यासारखं दिसतं. खेळाडूंची नावं आणि धावा, बळी हे मात्र सार्वजनिक माहितीत येतं. एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका फँटसी प्रकरणात तसंच म्हटलंय. म्हणजे ॲपमध्ये नावं चालतील.

माजी_ॲपवाला

दोन गोष्टी अजून. भाच्याला सांगा, ॲपवर बाहेरच्या कुठल्या पैशाच्या ॲपची जाहिरात किंवा रेफरल लिंक घ्यायची नाही. परदेशातून चालणारे पैजेचे ॲप आता टेलिग्रामवरून लहान ॲपवाल्यांना गाठतात, महिन्याला चांगले पैसे देऊ करतात. कलम ६ मध्ये 'प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष' असे शब्द आहेत. लिंक टाकणाराही त्यात येतो. आणि मोबाइल नंबर फक्त निकाल कळवायला घ्या, स्पर्धा संपली की पुसून टाका. अठराच्या आतल्या मुलांचे घ्यायचे तर पालकांची संमती घ्या. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा मुलांच्या बाबतीत कडक आहे.

कृष्णाकाठ

मजकूर असा केलाय, नजर टाका:

'संघ निवडा, बॅट जिंका. प्रवेश पूर्णपणे मोफत. खरेदीची अट नाही. कोणतेही पैसे भरायचे नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. एका व्यक्तीस एकच संघ. १८ वर्षांखालील मुलांनी पालकांसोबत दुकानात येऊन नाव नोंदवावे. समान गुण झाल्यास आधी नोंदवलेला संघ विजयी. बक्षिसे: बॅट, किटबॅग आणि दहा जणांना लेदर बॉल. रोख रक्कम नाही. निकाल अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी याच फ्लेक्सवर आणि दुकानात लावला जाईल.'

रोखीच्या २०० ऐवजी लेदर बॉल केलेत.

सनद_२००४

चांगलं झालंय. 'आयोजक' म्हणून दुकानाचं पूर्ण नाव, पत्ता, फोन टाका. आणि फ्लेक्स चौकात लावायचा तर नगरपरिषदेची परवानगी घ्या, तिचा क्रमांक आणि मुदत कोपऱ्यात छापा. त्यासाठी सोमवारऐवजी बुधवार उजाडेल, पण चालेल.

गोदाकाठची_मी

'कुणी मागितले तर देऊ नका' ही ओळ मोठ्या अक्षरात छापाल का दादा?

कृष्णाकाठ

छापतो ताई. सगळ्यात वर घेतो.